कॅनडात फ्रेंचवाल्यांच्या वेगळ्या शाळा, मूळ रहिवाशांचे वेगळे हक्क, मग आपण 'समान' कसे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सरेला राहता, पीआर (कायम राहायचा परवाना) मिळून तीन वर्षं झाली, मुलीला फ्रेंच शाळेत घालायला गेलात तर तिथे विचारलं की आईबाबांपैकी कोणाची मातृभाषा फ्रेंच आहे का, कोणी कॅनडात फ्रेंचमधून प्राथमिक शिक्षण घेतलंय का, सिटिझन आहात का, आणि तिन्हीला नाही म्हटल्यावर 'मग तुमचा हक्क बसत नाही' असं गोड हसून परत पाठवलं. त्यात ऑफिसमधल्या कोणीतरी सांगितलं की साल्मनचा सीझन आपल्याला बंद असतो तेव्हाही फर्स्ट नेशन्सवाले (इथल्या मूळ रहिवाशांचा एक समाज) जाळं टाकू शकतात. मग तुम्ही वैतागून विचारलंत की चार्टरच्या (कॅनडाच्या घटनेतली हक्कांची सनद) कलम १५ मध्ये सगळे समान म्हटलंय ना, मग हे काय, इथलं आरक्षण आहे का? आणि आपली मंडळी एवढी वाढली तर मराठी शाळेचा हक्क कधी मिळणार?

मी मूळची नागपूरची, इथे येऊन परीक्षा परत दिल्या, वीसेक वर्षं इथे वकिली करते, त्यातलं बरंच काम फर्स्ट नेशन्सच्या कन्सल्टेशनच्या (सरकारने त्यांच्याशी करायच्या चर्चेच्या) फाइलींचं आणि थोडं शाळाबोर्डांचं. हा प्रश्न मला गणपतीत, हळदीकुंकवात, सगळीकडे विचारतात, त्यामुळे एकदाच नीट लिहून टाकते.

आधी एक घोळ मिटवू. फ्रेंच इमर्शन आणि फ्रेंच शाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपले निम्मे लोक इथेच गडबडतात. इमर्शन म्हणजे इंग्लिश बोर्डाच्या शाळेत इंग्लिश (किंवा मराठी, पंजाबी, काहीही) घरातल्या मुलांना फ्रेंचमधून शिकवणं, तिथे कोणीही अर्ज करू शकतं, जागा असली की झालं. तुम्ही गेलात ती फ्रेंच बोर्डाची शाळा, जिथे हेडमास्तरांपासून मैदानावरच्या भांडणापर्यंत सगळं फ्रेंचमध्ये चालतं. ती शाळा फ्रेंच 'शिकवायला' काढलेली नाही, ती एक समाज इंग्लिशच्या समुद्रात बुडू नये म्हणून काढलेली आहे. फरक इथे आहे.

आता आरक्षण. नाही, हे आरक्षण नाही. मागे पडलेल्या लोकांना पुढे आणण्यासाठी खास योजना करायची मुभा कॅनडाच्या चार्टरमध्येही आहे, कलम १५ च्याच दुसऱ्या पोटकलमात, पण तुम्ही ज्यांच्याबद्दल विचारताय ते दोन्ही हक्क त्या कलमातून येतच नाहीत. भाषेच्या शाळांचा हक्क कलम २३ मधून येतो आणि मूळ रहिवाशांचे हक्क १९८२ च्या घटनाकायद्याच्या कलम ३५ मधून, जे चार्टरच्या बाहेर मुद्दाम वेगळं ठेवलंय. दोन्ही समूहाचे हक्क म्हणून ओळखले जातात, पण त्यांची मुळं अगदी वेगळी आहेत. एक हक्क कॅनडाने लिहून दिलेला आहे. दुसरा कॅनडाच्या आधीपासून होता, कॅनडाने फक्त तो आहे असं मान्य केलं, तेही नाक मुठीत धरून.

समूहाचा हक्क म्हणजे काय हे मी नेहमी सोसायटीच्या गच्चीवरून सांगते. फ्लॅट तुमचा, विका, भाड्याने द्या, कुलूप लावून ठेवा. गच्ची सगळ्यांची. मेंबर म्हणून तुम्ही पापड वाळत घालू शकता, पण माझा चाळिसावा हिस्सा मला तोडून द्या, मी तो मोबाईल टॉवरवाल्याला विकतो, असं म्हणता येत नाही. आणि गच्चीचे नियम मीटिंगमध्ये ठरतात, ते कधीकधी तुम्हालाच टोचतात. बाहेरच्याने येऊन 'मलाही समान हक्क, मीही पापड घालणार' म्हटलं तर आपण काय म्हणू? असो. उदाहरण पूर्ण बसत नाही, पण बरंचसं काम होतं.

आधी शाळेचं. १८६७ मध्ये कॅनडा जोडला गेला तेव्हा इंग्लिश प्रोटेस्टंट आणि फ्रेंच कॅथलिक या दोघांच्या सौद्यावर तो उभा राहिला, पण शाळांच्या बाबतीत तेव्हा संरक्षण मिळालं ते धर्माला, भाषेला नाही. आणि लगेच त्याची फळं दिसायला लागली. मॅनिटोबा प्रांत १८७० मध्ये दोन भाषांच्या हमीवर आला आणि १८९० मध्ये तिथल्या सरकारने फ्रेंच सरळ कायद्याने काढून टाकली. ओंटारियोने १९१२ मध्ये 'रेग्युलेशन १७' आणून पहिली दोन वर्षं सोडली तर फ्रेंचमधून शिकवणं बंद केलं, तेव्हा ओटावातल्या गीग शाळेत १९१६ मध्ये आया टोपीच्या लांब पिना आणि कात्र्या हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या की इन्स्पेक्टर आत येऊन दाखवा. आपल्याकडे लाटणं मोर्चे निघाले तसंच, फक्त लाटण्याऐवजी हॅटपिना. मॅनिटोबाचं तर अजून मजेशीर आहे, विनिपेगच्या सेंट बोनिफेस भागातल्या जॉर्ज फॉरेस्ट नावाच्या माणसाला १९७६ मध्ये पाच डॉलरचं पार्किंगचं तिकीट फक्त इंग्लिशमध्ये मिळालं, तो अडून बसला, १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने १८९० चा कायदा घटनाबाह्य ठरवला आणि १९८५ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की फक्त इंग्लिशमध्ये केलेले तुमचे सगळेच कायदे अवैध, पण राज्य कोलमडू नये म्हणून भाषांतर होईपर्यंत तात्पुरते वैध धरू. पाच डॉलरच्या पावतीवरून जवळजवळ शंभर वर्षांचे कायदे. वकिलीच्या धंद्यात असं सुख क्वचित मिळतं.

म्हणून १९८२ मध्ये कलम २३ आलं ते 'झालेली चूक दुरुस्त करण्यासाठी'. त्यात तीन दारं आहेत: पालकाची पहिली शिकलेली आणि अजून समजणारी भाषा अल्पसंख्याकांची असणं (क्युबेकच्या बाहेर फ्रेंच, क्युबेकमध्ये इंग्लिश, पण हे पहिलं दार क्युबेकमध्ये अजून लागूच केलेलं नाही), किंवा पालकाने कॅनडात त्या भाषेतून प्राथमिक शिक्षण घेतलेलं असणं, किंवा एका मुलाचं शिक्षण कॅनडात त्या भाषेतून झालेलं किंवा चालू असणं, मग त्याच्या भावंडांनाही. आणि तिन्ही दारांवर पाटी एकच: फक्त नागरिकांसाठी. तुम्हाला विचारलेले प्रश्न अक्षरशः या कलमातून आलेत, त्या बाईंनी मनाने काढलेले नव्हते.

कागदावर हा हक्क पालकाचा आहे, म्हणजे एकेका माणसाचा. पण 'संख्या पुरेशी असेल तिथे' अशी अट असल्याने एकट्याने तो वापरताच येत नाही, आणि १९९० मध्ये एडमंटनच्या पालकांच्या माहे खटल्यात कोर्टाने सांगितलं की संख्या वाढेल तसा हक्कही वाढतो, आधी एक वर्ग, मग शाळा, मग शाळा चालवायचा अधिकार, म्हणजे स्वतःचं बोर्ड. मला विचाराल तर या निकालाचा गाभा हाच, की शाळा कोण चालवतं यावर भाषा टिकते की नाही ते ठरतं.

या हक्काला एक घड्याळ लावलेलं आहे, आणि सरकारांना ते चांगलं ठाऊक असतं. शाळा द्यायला दहा वर्षं लावा, तोवर निम्मे पालक कंटाळून मुलांना जवळच्या इंग्लिश शाळेत घालतात, ती मुलं इंग्लिशमध्ये वाढतात, मग सरकार कोर्टात येऊन म्हणतं, बघा, संख्या कुठेय? प्रिन्स एडवर्ड आयलंडवर समरसाइडच्या पालकांना सरकार म्हणत होतं की शाळा कशाला, बस देतो, तासभर लांबच्या फ्रेंच शाळेत पाठवा. २००० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते झिडकारलं. सहा-सात वर्षांच्या पोराला रोज दोन तास बसमध्ये बसवणं की शेजारच्या इंग्लिश शाळेत चालत पाठवणं, यातलं आई काय निवडेल ते सांगायला न्यायाधीश लागत नाही. २००३ मध्ये नोव्हा स्कोशियाच्या प्रकरणात तर न्यायाधीशाने निकाल देऊनही फाइल बंद केली नाही, सरकारला ठरावीक दिवसांनी येऊन काय काम झालं ते सांगायला लावलं, आणि सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते योग्य ठरवलं. आपल्या इथलं व्हॅंकूव्हरचं उदाहरण घ्या, रोज-दे-वां शाळा, १९९ मुलांच्या जागेत ३४४ मुलं, काही वर्गांना खिडकीच नाही, एवढंसं वाचनालय, आणि आजूबाजूच्या इंग्लिश शाळा ऐसपैस. २०१५ मध्ये कोर्टाने विचारलं ते एवढंच, की समजूतदार पालक ही शाळा बघून मुलाला दुसरीकडे घालेल का? घालेल, तर हक्क मोडलाय. मग २०२० मध्ये आपल्याच प्रांताच्या सरकारविरुद्ध फ्रेंच बोर्ड जिंकलं, आठ ठिकाणी शाळा आणि बसच्या कमी दिलेल्या पैशांची सहा मिलियन डॉलर भरपाई.

आणखी एक, चार्टरमध्ये कलम ३३ आहे ज्याने सरकार बऱ्याच हक्कांना पाच-पाच वर्षांसाठी बगल देऊ शकतं, समानतेलासुद्धा. पण कलम २३ ला नाही. म्हणजे ज्या समानतेचा तुम्ही दाखला देताय तिला सरकार बाजूला ठेवू शकतं आणि फ्रेंच शाळेला ठेवू शकत नाही. विचित्र वाटेल पण तसंच आहे.

तुमचा नेमका मुद्दा कोर्टात होऊन गेलाय बरं का. क्युबेकमध्ये १९७७ पासून बिल १०१ मुळे सरकारी इंग्लिश शाळेत वाटेल त्याला जाता येत नाही, तिथल्या इंग्लिश अल्पसंख्याकांच्या मुलांनाच जाता येतं. काही फ्रेंच घरांतल्या आईबाबांनी, म्हणजे तिथल्या बहुसंख्याकांनी, कोर्टात म्हटलं की इंग्लिश लोकांना निवड आहे आणि आम्हाला नाही, हा भेदभाव. २००५ मध्ये गोसलँ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सगळ्या न्यायाधीशांच्या एकमताने नाही म्हटलं. घटनेनेच एका समाजाला दिलेलं संरक्षण समानतेचं कलम वापरून पाडता येत नाही, आणि सगळ्यांना सगळीकडे जाऊ दिलं तर अल्पसंख्याकांच्या शाळा बहुसंख्याकांनीच भरतील आणि त्यांचं अल्पसंख्याकपण वाचवायला काढलेली जागाच उरणार नाही. मॉन्ट्रियलला राहणारी मराठी घरं हे रोज अनुभवतात, मूल फ्रेंच शाळेतच घालावं लागतं, मग घरात आई मराठीत रागावते आणि पोरगं फ्रेंचमध्ये उत्तर देतं.

आता मूळ रहिवाशांचं. इथे मला जास्त वेळ लागेल कारण गैरसमज जास्त आहेत. आधी शब्द: फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी, हे तीन वेगळे समाज, २०२१ च्या जनगणनेत मिळून साधारण १८ लाख, म्हणजे देशाचे ५ टक्के. कायद्याच्या पुस्तकात अजून 'इंडियन' शब्द आहे कारण १८७६ चा इंडियन ॲक्ट अजून जिवंत आहे, पण तोंडी वापरू नका.

१९६९ साल लक्षात ठेवा. त्या एकाच वर्षी, पंतप्रधान पिएर त्रुदोच्या एकाच सरकारने दोन गोष्टी केल्या. एकीकडे ऑफिशियल लँग्वेजेस ॲक्ट करून फ्रेंच आणि इंग्लिशला केंद्रात बरोबरीचा दर्जा दिला. दुसरीकडे जाँ क्रेतिएँ या मंत्र्यांनी 'व्हाइट पेपर' आणला की इंडियन ॲक्ट रद्द, रिझर्व्ह (त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनी) रद्द, करारांचं महत्त्व संपवा, सगळे कॅनेडियन समान. म्हणजे तुम्ही जे विचारताय तेच सरकार म्हणत होतं! आणि विरोध कोणी केला तर ज्यांना 'समान' करणार होते त्यांनीच. अल्बर्टाच्या चीफ लोकांनी १९७० मध्ये उत्तर दिलं, शीर्षक होतं 'सिटिझन्स प्लस', नागरिक तर आहोतच, आणि त्याहून थोडं जास्त. का जास्त, तर बदल्यात जमीन दिली आहे म्हणून. सरकारला तो पेपर गुंडाळावा लागला. समानतेच्या नावाखाली देणं बुडवायचा डाव त्यांनी ओळखला, असं मी म्हणेन, माझे काही सहकारी इतकं कडक म्हणणार नाहीत.

देणं म्हणजे काय? १७६३ मध्ये इंग्लंडच्या राजाने जाहीरनामा काढला होता की त्यांच्या जमिनी कोणी परस्पर विकत घ्यायच्या नाहीत, घेईल तर क्राउनच (राजसत्ता, म्हणजे आजचं सरकार), आणि तेही त्यांच्या जाहीर सभेत त्यांच्याशी बोलून. त्यावर पुढे करार झाले. ओंटारियोच्या ह्युरॉन-सुपीरियर भागात १८५० चे रॉबिन्सन करार झाले, त्यातली वार्षिक रक्कम १८७५ पासून माणशी चार डॉलर, आणि ती तिथेच थांबली, दीडशे वर्षं, त्या जमिनीतून खाणी-लाकडं काढून बाकीचे श्रीमंत होईपर्यंत. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की क्राउनने हे वचन मोडलंय. आणि आपल्या ब्रिटिश कोलंबियात? व्हॅंकूव्हर बेटावरचे थोडे करार आणि ईशान्येचा ट्रीटी ८ सोडला तर जवळजवळ सगळा प्रांत कराराशिवायच घेतला. आपण ज्या जमिनीवर टाउनहाऊसचे हप्ते भरतो ती कोणी कोणाला दिलेलीच नाही. वर १९२७ ते १९५१ पर्यंत कायदा असा की जमिनीच्या दाव्यासाठी पैसे गोळा करणं, वकील लावणं हाच गुन्हा. मी वकील म्हणून हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

मग १९७३ मध्ये फ्रँक कॅल्डर आणि निसगा लोकांचा खटला. ते तांत्रिक मुद्द्यावर हरले, पण सात पैकी सहा न्यायाधीशांनी मान्य केलं की युरोपीय यायच्या आधीपासून ते जमिनीवर संघटितपणे राहत होते म्हणून त्यांचा हक्क कायद्याने अस्तित्वात होता, तीन म्हणाले अजून आहे, तीन म्हणाले संपवला गेला. हरून जिंकणं म्हणतात ते हे. सरकार वाटाघाटीला बसलं, आणि निसगांचा करार लागू झाला २००० मध्ये, सत्तावीस वर्षांनी. १९८२ च्या घटनेत कलम ३५ सुद्धा सुखासुखी आलं नाही, १९८० मध्ये व्हॅंकूव्हरहून ट्रेन भरभरून लोक ओटावाला गेले, १९८१ च्या नोव्हेंबरात प्रीमियर मंडळींनी (प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांनी) सौद्यातून ते कलम गाळलं, आरडाओरडा झाल्यावर परत घातलं आणि 'सध्या अस्तित्वात असलेले' हा शब्द चिकटवला.

तुमच्या साल्मनचं उत्तर १९९० च्या स्पॅरो निकालात आहे. रोनाल्ड स्पॅरो, मस्क्वियम समाजाचे, फ्रेझर नदीच्या मुखाशी मासे पकडत होते, परवाना २५ फॅदम (एक फॅदम म्हणजे सहा फूट) जाळ्याचा आणि जाळं ४५ फॅदमचं. कोर्टाने सांगितलं की हक्क संपलेला नाही, सरकार त्यावर निर्बंध घालू शकतं पण सबळ कारण दाखवून आणि हक्क कमीत कमी मोडून. आणि क्रम लावून दिला: आधी मासे टिकवणं, मग त्यांच्या खाण्यासाठी आणि विधींसाठीची मासेमारी, मग धंदेवाले आणि हौशी गळवाले. म्हणजे मासे कमी झाले की आपला रविवारचा गळ आधी बंद होतो, त्यांचं चुलीपुरतं नंतर. तुमच्या ऑफिसातल्या माणसाने अर्धंच सांगितलं, कारण मासे फारच घटले तर त्यांचंही बंद होतं आणि तसं झालेलंही आहे.

ते दर वेळी जिंकतात हाही भ्रम आहे. डोरोथी व्हॅन डर पीट यांनी १० साल्मन ५० डॉलरला विकले, १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टात हरल्या, कारण विकणं हा युरोपीय संपर्काआधीच्या संस्कृतीचा गाभा होता हे सिद्ध झालं नाही. पूर्व किनाऱ्यावर डोनाल्ड मार्शल यांनी ४६३ पौंड ईल मासे ७८७ डॉलर १० सेंटला विकले आणि १९९९ मध्ये जिंकले, कारण त्यांच्या मिगमॉ लोकांच्या हातात १७६०-६१ चा करार होता. एकाच देशात, एकाच कोर्टात, जवळपास सारखं कृत्य. करार आहे की नाही आणि कोर्ट तो कसा वाचतं यावर सगळं.

जमिनीच्या मालकीचा मोठा निकाल १९९७ चा डेलगामुक. खालच्या कोर्टात ३७४ दिवस चाललेला खटला, गिटकसान आणि वेत्सुवेटेन लोकांनी आपला सातबारा म्हणून काय आणलं तर पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलेल्या कथा आणि गाणी. एक म्हातारी साक्षीत गाणं म्हणायला लागली तर न्यायाधीश म्हणाले की मला गाण्याचा कान नाही. सुप्रीम कोर्टाने नंतर सांगितलं की तोंडी इतिहास हा पुरावा आहे, लेखी कागदाच्या बरोबरीने तोलायचा. आणि ही मालकी समूहाची, ती फक्त क्राउनलाच देता येते, बाजारात विकता येत नाही, आणि येणाऱ्या पिढ्यांचा त्या जमिनीशी असलेला संबंध तुटेल असा वापर करता येत नाही. प्रत्यक्ष 'ही जमीन यांची' असं कोर्टाने पहिल्यांदा जाहीर केलं ते २०१४ मध्ये, चिलकोटिन लोकांसाठी, साधारण १,७५० चौरस किलोमीटर, ३३९ दिवसांच्या सुनावणीनंतर. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाच्या नावाने सामूहिक पट्टा मिळाला, तो आठवा, तिथेही पट्टा गावाचा आहे, एकट्यादुकट्याचा नाही.

रिचमंडच्या कावचन या फर्स्ट नेशन्स समाजाच्या निकालाने सध्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घबराट आहे, त्याबद्दल दोनच वाक्यं. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रांताच्या सुप्रीम कोर्टाने तिथल्या एका जुन्या गावठाणाच्या जागेवर त्यांची मालकी मान्य केली, खाजगी घरमालकांवर त्यांनी दावा लावलेला नव्हता, आणि अपील दाखल झालंय. घर विकायला काढायच्या आधी वकिलाला विचारा, काकाच्या फॉरवर्डला नाही.

आता गच्चीचे नियम टोचतात ते कसं. बेन नावाच्या कुटुंबाने त्यांच्या ट्रॅपलाइनच्या (सापळे लावून शिकार करायच्या पट्ट्याच्या) भागात जाणारा लाकूडकंपनीचा रस्ता अडवला, म्हणाले आमच्याशी चर्चा केली नाही. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, चर्चेचा हक्क फर्स्ट नेशनचा आहे, तुमचा एकट्याचा नाही, आणि समाजाने तुम्हाला पुढे केलेलं नाही. त्याहून अवघड, २०२४ चा डिक्सन खटला. युकॉनमधलं ओल्ड क्रो, तिथल्या व्हुंतुत ग्विचिन समाजाच्या घटनेत नियम की कौन्सिलवर निवडून आलात तर १४ दिवसांत तिथे राहायला यायचं. सिंडी डिक्सन यांचं घर ८०० किलोमीटरवर व्हाइटहॉर्सला, मुलाच्या आजारपणामुळे दवाखान्याजवळ राहणं भाग. कोर्टाने मानलं की चार्टर लागू होतं, समानतेचा भंग सकृतदर्शनी दिसतो, तरी चार्टरच्या कलम २५ मुळे (मूळ रहिवाशांच्या हक्कांना चार्टरने धक्का लागू नये असं ते कलम) समूहाचा नियम टिकतो. कायदा म्हणून मला ते समजतं. आई म्हणून मला तो निकाल अजून पचलेला नाही.

आणि कधी कधी तो नियम समाजाचा नसतोच, बाहेरून लादलेला असतो. इंडियन ॲक्टप्रमाणे बाईने बाहेरच्याशी लग्न केलं की तिचा दर्जा जायचा, पुरुषाने केलं तर उलट बायकोला मिळायचा. न्यू ब्रन्सविकच्या टोबिक रिझर्व्हच्या सँड्रा लव्हलेस संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत गेल्या, १९८१ मध्ये कॅनडा दोषी ठरला, १९८५ मध्ये कायदा बदलला. आपल्या समाजात राहण्याचा हक्क हा बाईचाही मानवी हक्क आहे, हे त्यातून ठरलं. म्हणजे समूह आणि व्यक्ती हे दर वेळी एकमेकांच्या विरुद्धच असतात असं नाही.

हे दोन हक्क एकमेकांना कुठे धडकतात ते सांगते. २०२१ मध्ये मेरी सायमन गव्हर्नर जनरल झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या मूळ रहिवासी, क्युबेकच्या उत्तरेकडच्या नुनाविकच्या इन्युइट. त्यांना इंग्लिश येतं, इनुक्टिटुट येतं, फ्रेंच येत नव्हतं, आणि भाषा आयुक्तांकडे हजारावर तक्रारी गेल्या. त्यांनी सांगितलं की मी सरकारच्या ज्या डे स्कूलमध्ये शिकले तिथे फ्रेंच शिकायची सोयच नव्हती. दोन भाषा येणारी बाई, आणि तरी तक्रार की दोन भाषा येत नाहीत, कारण मोजायच्या भाषा ठरलेल्या दोनच. ज्यांच्या दीड लाखांवर मुलांना रेसिडेन्शियल शाळांत नेलं आणि आपली भाषा बोलली म्हणून शिक्षा केली, त्यांच्या भाषांसाठी कलम २३ सारखं काहीही नाही. २०१९ चा इंडिजिनस लँग्वेजेस ॲक्ट आहे, निधी आहे, आयुक्त आहे, पण पालकाने कोर्टात जाऊन 'माझ्या मुलाला क्री भाषेतून शाळा द्या' म्हणावं असा घटनेतला हक्क नाही. नुनावुतने आपल्या पातळीवर कायदे केले, वायव्य प्रदेशात ११ अधिकृत भाषा आहेत, तेवढंच. माझ्या मते कॅनडाच्या भाषाधोरणातली सगळ्यात मोठी फट हीच, आणि तुम्ही रागावायचंच असेल तर इथे रागवा.

मराठीचं विचारलंत. संख्येने काही होत नाही हो. भारतात कलम ३० कोणत्याही भाषिक अल्पसंख्याकांना लागू आहे, म्हणून कर्नाटकातल्या मराठी माणसाला ते लागतं आणि सोलापूरच्या कानडी माणसालाही, भाषेचं नाव लिहिलेलं नाही. कॅनडात नाव लिहिलेलं आहे, दोनच नावं. ब्रॅम्प्टनला उद्या दोन लाख मराठी झाले तरी आपण तिसरं नाव होत नाही, पंजाबी आणि मँडरिन आपल्या कितीतरी पुढे असून झालेले नाहीत. आपल्यासाठी कलम २७, बहुसांस्कृतिकतेचं, ते कोर्टाने अर्थ लावताना लक्षात घ्यायचं आहे, त्यावर शाळा मागता येत नाही. ओंटारियोत पुरेशा पालकांनी मागणी केली तर बोर्ड आठवड्यातून काही तास आंतरराष्ट्रीय भाषेचे वर्ग चालवतं, तो रस्ता आहे, आणि शनिवारची मंडळाची शाळा आहेच, तिथे शिकवायला माणसं कमी पडतात, मागण्या करणारी भरपूर.

तुमच्या मुलीसाठी मात्र एक वाट आहे आणि ती काउंटरवर कोणी सांगत नाही. हक्क नसला तरी प्रांताने तशी मुभा दिलेली असेल तर फ्रेंच बोर्ड बाहेरच्या मुलांना घेऊ शकतं, ओंटारियोत त्यासाठी कायद्याने प्रवेश समितीच नेमलेली आहे, आणि २०२३ मध्ये वायव्य प्रदेशांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असे अर्ज बघताना सरकारने कलम २३ मागचा हेतू विचारात घ्यायला हवा, उगाच नियम दाखवून परत पाठवायचं नाही. तुमच्या बोर्डाची प्रवेशाची पॉलिसी लेखी मागा, घरात फ्रेंच कोण शिकतंय, तुम्ही क्लास लावला का, हे अर्जात लिहा, समिती ते बघते. ती आत गेली, खरोखर तिथे शिकली, आणि दरम्यान तुम्ही सिटिझन झालात, तर तिसरं दार उघडतं: मुलाचं शिक्षण फ्रेंचमधून चालू आहे, म्हणून आता हक्क, तिचाही आणि तिच्या धाकट्या भावाचाही. ओंटारियोच्या अपील कोर्टाने १९९९ मध्ये एका इंग्लिश आईच्या बाबतीत हेच मान्य केलंय. इमर्शनची वर्षं यात धरत नाहीत, त्यामुळे 'आधी इमर्शन करू, मग बघू' असा हिशोब करू नका. सिटिझनशिपचा अर्ज भरला नसेल तर तो आधी भरा.